थांबलाय का मेलाय?

आमच्या ऑफिसच्या सर्व्हरवरून बाहेर पडायचं तर 'एक्झिट' टाइप करून एंटर मारावा लागतो. कधीकधी तो तेव्हा अडवतो. म्हणतो, थांबलेले जॉब शिल्लक आहेत! म्हणजे, बाई, तू निघालीस खरी, पण मागे अर्धवट टाकलेली कामं आहेत, त्यांचं काय?

माझ्या डोक्याचं सध्या तसंच झालंय. संध्याकाळी डोंबिवलीला घरी पोचते, चहा टाकते, आणि ऑफिसातला कुठलातरी किस्सा आडवा येतो. तो बहिणीला सांगावा, तर त्याला चिकटून दुसरा निघतो. परवा ती म्हणाली, "तुमच्याकडे कामं होतात की नुसते किस्सेच होतात गं?" म्हटलं, कामं होऊ देत नाहीत, म्हणून तर किस्से होतात!

आता तुम्ही हसाल. हसा. पण मी हे हसत सांगत नाहीये, एवढं लक्षात ठेवा.

ऑफिस ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. आम्ही बिल्डिंगांची मजबुती तपासतो. नवी बांधायची असेल तर ती नीट उभी राहील का, जुनी असेल तर तिच्यात राहावं की ती रिकामी करावी, हे गणित आमचं सॉफ्टवेअर करतं. सॉफ्टवेअर जुनं, सर्व्हर त्याहून जुना. एका बिल्डिंगचं गणित आठवडाभर चालतं, आणि मधेच मेलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्यात एका वेळी एकच बिल्डिंग नीट चालते. दुसरी सुरू करायची तर पहिलीला थांबवायचं.

माणसं मोजकीच. मालक म्हणजे प्रधान सर, राहणार नौपाडा, मराठी एकदम शुद्ध. नितीन जाधव, आमचा इंजिनियर, राहणार विठ्ठलवाडी, हुशार, पण जिभेवर दोनच शब्द: "हो सर". भोईरकाका ड्रॉइंग सेक्शनला, मूळचे बाळकुमचे. त्यांच्या शेतांत आता टॉवर उभे आहेत, आणि घरी बसून कंटाळा येतो म्हणून ते नोकरीला येतात. आणि मी वैशाली, सर्व्हर सांभाळते. म्हणजे खरं तर लोकांच्या बोटांवर नजर ठेवते, कारण हा सर्व्हर आपणहून बिघडलेला मी अजून पाहिलेला नाही.

*

गणित सुरू करण्याला आमच्यात 'जॉब सोडणं' म्हणतात. नळाला पाणी सोडतात ना, तसं. "सकाळी जॉब सोडला", "संध्याकाळी सोडू", असं दिवसभर चालतं, कारण मोठ्या गणिताआधी चाचणीचे छोटे जॉबही सोडावे लागतात. आम्हाला त्यात काही वाटत नाही.

नितीनचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. शहाडला मुलीकडे बघण्याचा कार्यक्रम. हा सकाळी ऑफिसात जाऊन थेट तिकडे पोचलेला; बाजूला ह्याची आई, समोर मुलीचे वडील. पोहे आले, आणि तेवढ्यात प्रधान सरांचा फोन! रविवारी! समोरचा माणूस कुठे आहे, बोलायला मोकळा आहे का, हे विचारायची पद्धतच नाही. पहिलंच वाक्य, "जॉब सोडलास का?"

नितीन सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात म्हणाला, "हो सर! सकाळीच सोडला!"

मुलीच्या वडिलांनी तोंडाकडे नेलेला चमचा परत बशीत ठेवला.

"आज सकाळी सोडलात?"

"हो काका. आमच्याकडे शक्यतो सकाळीच सोडतात."

"तुमच्याकडे म्हणजे... आणखी कोणी सोडलाय?"

"नाही, मीच सोडतो नेहमी. कधीकधी एका दिवसात दोन-दोन सोडतो!"

त्यांनी आत हाक मारली, "सोनाली, चहा राहू दे गं!"

नितीनच्या आईने मग सगळं समजावून सांगितलं म्हणून निभावलं. लग्न झालं, संसार छान चाललाय. पण सासरेबुवा अजून फोन केला की आधी तेच विचारतात, "काय जावईबापू, जॉब सोडलात की आहे?"

नितीन हा किस्सा सांगताना स्वतःच हसत सुटतो. माझं मात्र डोकं फिरतं. अरे, माणूस मुलगी बघायला बसलाय, त्याला तेवढी दहा मिनिटं तरी द्याल की नाही?

*

आता कंट्रोल-झेड. तुमच्या-माझ्या साध्या कॉम्प्युटरवर कंट्रोल-झेड म्हणजे चुकलेलं मागे घेणं. आमचा सर्व्हर युनिक्स नावाच्या सिस्टिमवर चालतो; त्याच्या काळ्या स्क्रीनवर तसं नाही. तिथे कंट्रोल-झेड दाबलात की चाललेला जॉब जागच्या जागी थांबतो. मरत नाही. 'एफजी' टाइप केलं की जिथे होता तिथून पुढे चालायला लागतो. पण ते कोणीतरी टाइप करावं लागतं! कोणी केलंच नाही, तर तो बिचारा तसाच बसून राहतो. ओरडत नाही, काही मागत नाही.

बाळकुमला एका बिल्डरचा टॉवर होतोय. दोन विंग, ए आणि बी. हा आमचा लाडका जॉब. त्याचं गणित चालू असताना मी सर्व्हरजवळ शिंकलेलंसुद्धा सरांना चालत नाही.

एका शुक्रवारी सर साइटवर होते. तिथून त्यांनी नितीनला फोन केला. इकडे आमच्या वरच्या मजल्यावर कोणीतरी ड्रिल मशीन लावलेलं, नुसता घर्र घर्र आवाज. सरांना शब्द ऐकू येईना. शेवटी ते फोनवर किंचाळले, "अरे, ते आधी थांबव!"

नितीन म्हणाला, "हो सर."

वरच्या मजल्यावरचं ड्रिल काही त्याच्या हातात नव्हतं. जे हातात होतं ते त्याने थांबवलं. कंट्रोल-झेड!

सोमवारी सकाळी भोईरकाका माझ्या टेबलापाशी आले. "अगो वैशाली, स्क्रीनवर कायच हलत नाय. मना सांग, यो थांबलाय का मेलाय?"

थांबलेला होता. 'एफजी' मारलं, सुरू झाला. पण त्यावरून जे रामायण झालं! एसीच्या खोलीत मीटिंग. बिल्डरचा माणूस हजर. सगळे उभे, नितीन तर भिंतीला टेकलेला. सर टेबलावर हात आपटत होते, "शनिवार आणि रविवार! दोन अख्खे दिवस टॉवर थांबला! याला जबाबदार कोण?"

नितीन हळूच म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणालात, थांबव..."

"मी ड्रिलविषयी म्हणालो होतो!"

"ड्रिलला कंट्रोल-झेड नसतो, सर," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर भोईरकाका मला म्हणाले, "यो टावर माझेच शेतावर हाय. मना त तो कायमचा थांबला तरी चालंल."

तर ही मीटिंग लक्षात ठेवा. टॉवर शनिवार-रविवार थांबला, तर मीटिंग झाली.

*

हा अगदी छोटा. एकदा सर ऑफिसात एकटे, मी सुट्टीवर गेलेले. त्यांचा फोन आला, स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी लांबलचक आलंय. मी म्हटलं, "जे दिसतंय ते कॉपी करून मला पाठवा."

थोड्या वेळाने परत फोन. "वैशालीबाई, कॉपी केलं. पण आता तिथे काहीच दिसत नाही."

"कॉपी कसं केलंत, सर?"

"कसं म्हणजे? कंट्रोल-सी!"

कंट्रोल-सी दाबला की युनिक्सवर चाललेला जॉब मरतो. थांबत नाही, थेट मरतो. नशीब, तो चाचणीसाठी सोडलेला साधा जॉब होता. मी हे सांगितलं तर उलट माझ्यावरच चिडले, "अहो, सगळ्या जगात कंट्रोल-सी म्हणजे कॉपी! तुमच्याच सर्व्हरला काय धाड भरली आहे?"

माझ्या सर्व्हरला! तोपर्यंत तो त्यांचा होता. बिघडला की माझा होतो.

*

आता जे सांगणार आहे त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, म्हणून आधी पाणी पिते.

नितीनची विठ्ठलवाडीची बिल्डिंग जुनी. वर चार मजले, जिन्याखाली लोखंडी टेकू लावलेले. पालिकेची नोटीस आलेली की बिल्डिंग राहण्याजोगी आहे का, ते तपासून घ्या. रिपोर्ट चांगला आला तर दुरुस्ती करायची, वाईट आला तर घरं रिकामी करायची. पण रिपोर्टच हातात नाही, तर माणसं ना दुरुस्ती करू शकत, ना बाहेर पडू शकत. नुसती वर छताकडे बघत जेवतात. नितीनच्या आईने बाल्कनीतल्या कुंड्या एकेक करून खाली नेऊन ठेवल्या, का तर घरावर वजन नको. तुळससुद्धा! नितीन सांगत होता, "ताई, आई आता घरात चालतेसुद्धा हळू."

नितीनने सरांना विचारलं. सर म्हणाले, "ओळखीतलं काम आहे, करून देऊ की!" फार मोठ्या मनाने म्हणाले. नितीनने जॉब सोडला. जेमतेम सुरुवात झालेली, आणि टॉवरच्या बी विंगमध्ये बिल्डरला पार्किंगचा मजला वाढवायचा होता.

"नितीन, ते विठ्ठलवाडी जरा थांबव."

"हो सर."

जरा! ह्या 'जरा'चा अर्थ मला आजतागायत कळलेला नाही. बी विंग झाली की ए विंग, ए विंग झाली की गच्चीवरचा स्विमिंग पूल. विठ्ठलवाडी आपली थांबलेली.

मग त्या सोसायटीच्या सेक्रेटरींचे, सोनावणेकाकांचे फोन यायला लागले. नितीन शेजारीच राहतो, पण त्याला बिचाऱ्याला विचारायची त्यांनाच भीड वाटायची, म्हणून ऑफिसात करायचे. ते फोन माझ्याकडे. सरांनी उत्तर ठरवून दिलेलं: प्रोसेसमध्ये आहे.

"मॅडम, आमचा रिपोर्ट कुठपर्यंत आला?"

"काका, प्रोसेसमध्ये आहे."

"म्हणजे चालू आहे ना?"

आता काय सांगू? सर्व्हरवर प्रत्येक जॉबपुढे एक अक्षर दिसतं. आर असेल तर तो धावतोय, टी असेल तर त्याला थांबवलंय. विठ्ठलवाडीपुढे ठळक टी. माझ्या जिभेला खोटं बोलवेना.

"काका, प्रोसेस आहे. पण चालू नाहीये."

"म्हणजे कशी?"

"म्हणजे आहे. नुसती उभी आहे."

काका म्हणाले, "आमच्या बिल्डिंगसारखीच म्हणजे."

हे सरांना कळलं. लगेच बोलावणं. "वैशालीबाई, लोकांना असं सांगायचं नसतं!"

"मग कसं सांगायचं, सर?"

"सांगायचं, आपल्या अहवालाची प्रक्रिया सुरू आहे."

बघा! खोटं बोलायचं झालं की ह्या माणसाची मराठी आणखी शुद्ध होते.

*

शेवटी एकदाचा स्विमिंग पूल संपला. नितीनने 'एफजी' मारलं, विठ्ठलवाडी पुढे चालायला लागली. ह्या वेळी कोणी मधे आलं नाही. गणित जवळजवळ संपत आलेलं. नितीनने घरी सांगून टाकलेलं की आता दोन-तीन दिवसांत काय ते कळेल. आईने म्हणे त्या दिवशी शिरा केला.

आणि आला रविवार!

मी डोंबिवलीतच बहिणीकडे जेवायला गेलेले. पहिला घास हातात, आणि प्रधान सरांचा फोन. बिल्डरच्या पाहुण्यांना ऑफिस दाखवायला घेऊन आलेले. "वैशालीबाई, तुमचा सर्व्हर मेला! स्क्रीन गोठली आहे. काही टाइप केलं तरी उमटत नाही. पाहुण्यांसमोर शोभा झाली!"

मी विचारलं, "शेवटचं काय दाबलंत?"

"काही नाही हो. कीबोर्डवर चुकून हात पडला, चार अक्षरं उमटली. ती मागे घ्यावीत म्हणून कंट्रोल-झेड केलं. मग सवयीप्रमाणे कंट्रोल-एस. म्हटलं, सेव्ह झालेलं बरं."

मी कपाळावर हात मारला. कंट्रोल-झेडने जॉब थांबला, हे एक. कंट्रोल-एसने युनिक्सची स्क्रीन गोठते, हे दुसरं. सेव्ह-बिव्ह काही होत नाही. आणि तिसरं सगळ्यात वाईट: स्क्रीन गोठलेली असताना टाइप केलेलं दिसत नाही, पण सर्व्हर ते सगळं ऐकून ठेवत असतो! कंट्रोल-क्यू दाबला की गोठलेलं सुटतं, आणि साठलेले हुकूम एकामागून एक पाळले जातात.

म्हणून मी आधी नीट विचारलं, "सर, स्क्रीन गोठल्यावर तुम्ही काही टाइप केलंत का? आठवून सांगा."

"छे छे! मी कशाला काही टाइप करू?"

"नक्की?"

"अहो, मालक मी आहे की तुम्ही?"

"बरं, मग कंट्रोल-क्यू दाबा."

"क्यू म्हणजे?"

"रांगेचा क्यू, सर."

दाबलं. पलीकडून आनंदाचा आवाज, "ओहो! झालं, झालं सुरू! भराभर काहीतरी येतंय!" मग म्हणाले, "आता तो लॉगिन मागतो आहे."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. "आधी काय आलं, सर?"

"थांबलेले जॉब आहेत, असं काहीसं म्हणाला. आणि मग बंदच झाला."

म्हणजे रागारागात ह्यांनी दोनदा 'एक्झिट' टाइप केलेलं. पहिल्या एक्झिटला सर्व्हर अडवतो, थांबलेलं काम आहे म्हणून सांगतो. तरीही लगेच दुसऱ्यांदा एक्झिट म्हटलं, की तो समजतो तुमचा निर्णय पक्का आहे. तुम्हाला सोडतो आणि थांबलेल्याला मारतो. संपत आलेली विठ्ठलवाडी गेली.

"सर, त्याने तुम्हाला विचारलं होतं," मी म्हटलं. आवाज चढलेला माझा, बहीण बघत होती.

"एकदाच विचारलं! महत्त्वाचं होतं तर पुन्हा विचारायला नको?"

सोमवारी भोईरकाकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "थांबलाय का मेलाय?"

"मेला, काका."

त्या दिवशी कसली मीटिंग नाही, टेबलावर हात आपटणं नाही. सर चहा पीत पीत म्हणाले, "अरे नितीन, पुन्हा सोड की! त्यात काय एवढं?"

आणि नितीन म्हणाला, "हो सर."

मी त्याला जिन्यात गाठलं. "हो सर काय, हो सर? तोंड दिलंय ना देवाने तुला? तुझी आई राहते ना रे त्या घरात?"

तो खाली बघत म्हणाला, "ताई, मी भांडलो तर ते जॉबच सोडू देणार नाहीत."

मला कळेना, कुठल्या जॉबबद्दल बोलतोय. त्यालाही बहुतेक कळलं नसावं.

*

जॉब पुन्हा सुटला. पुन्हा चालायला लागला. सोनावणेकाकांना मी पुन्हा "प्रोसेसमध्ये आहे" सांगितलं, ह्या वेळी खरं.

गेल्या आठवड्यात नितीन उशिरा आला. केसांत, कॉलरवर पांढरी भुकटी. मला वाटलं घरी रंगाचं काम काढलं असेल. बॅग ठेवली, खुर्चीत बसला, आणि म्हणाला, "ताई, छताचा तुकडा पडला."

आई रोज सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तांदूळ निवडते. निवडत होती. कुकरच्या शिट्ट्या झाल्या म्हणून गॅस बंद करायला उठली. तुकडा खुर्चीवर पडला. खुर्चीची पाठ तुटली. परातीतले तांदूळ घरभर. आई काय म्हणाली माहितीये? म्हणाली, "बरं झालं, सोनाली माहेरी आहे."

भोईरकाकांनी कपाटामागून पाण्याची बाटली काढून त्याच्यासमोर ठेवली.

आणि तेवढ्यात प्रधान सर आत आले, हातात टॉवरचे नवे नकाशे. "बिल्डरने बाल्कन्या बदलल्या आहेत. ए आणि बी, दोन्ही विंग पुन्हा सोडायच्या, आजच. नितीन, ते विठ्ठलवाडी थांबव. नको, थांबवू नकोस, मेमरी अडकते. मारूनच टाक."

नितीन उठून उभा राहिला. "सर, आज सकाळी आईच्या खुर्चीवर छताचा तुकडा पडला."

"अरेरे! लागलं नाही ना त्यांना?"

"नाही सर. ती उठली होती."

"मग झालं तर!"

मग झालं तर! शपथ सांगते, हातातलं पंच मशीन फेकून मारणार होते. म्हटलं, "सर, गणित संपत आलंय. दोन दिवस टॉवर थांबला तर कोणी मरत नाही. इथे माणसं राहतात!"

"वैशालीबाई, तुम्ही सर्व्हर बघा. आणि नितीन, घरची दुखणी ऑफिसात आणायची नाहीत. जमत नसेल तर स्पष्ट सांग, दारात इंजिनियर उभे आहेत. मी साइटवर निघालो आहे. दुपारी फोन करीन, तोवर जॉब सुटलेला पाहिजे."

"हो सर," नितीन म्हणाला. सर गेले.

मी नितीनला बाजूला सरकायला सांगितलं आणि त्याच्या स्क्रीनसमोर बसले. कंट्रोल-झेड काय, कंट्रोल-सी काय, हे सगळे हुकूम कीबोर्डवरून टर्मिनलमार्गे, म्हणजे स्क्रीनवरच्या त्या काळ्या खिडकीतून, जातात. जो जॉब टर्मिनलपासून तोडला, त्याच्यापर्यंत ह्यातलं काहीच पोचत नाही. आमचं सॉफ्टवेअर सुरुवातीला प्रश्न विचारतं म्हणून तो स्क्रीनसमोर चालवावा लागतो, पण विठ्ठलवाडीचे प्रश्न केव्हाच संपलेले, आता नुसती आकडेमोड राहिलेली. मी नितीनला म्हटलं, "सांग, तोडू?"

"थांबा ताई," तो म्हणाला. "मी करतो."

त्याने स्वतः कंट्रोल-झेड दाबला. जॉब थांबला. मग तो मागच्या बाजूला चालता केला, टर्मिनलपासून मोकळा सोडला, आणि स्क्रीनवरची ती काळी खिडकीच बंद करून टाकली. मी माझ्या स्क्रीनवर बघितलं. जॉबपुढे आर. टर्मिनलच्या रकान्यात नुसतं प्रश्नचिन्ह, म्हणजे आता तो कोणाच्याच कीबोर्डाला बांधलेला नाही. मारायचाच झाला तर एक नितीनच्या लॉगिनने, नाहीतर माझ्या पासवर्डने. माझा पासवर्ड मी नवऱ्यालासुद्धा सांगत नाही.

भोईरकाका चष्मा वर करून वाकले. "यो थांबलाय का मेलाय?"

"पळतोय, काका!"

मी वळून बघितलं तर नितीन टेबल आवरत होता. ड्रॉवरमधला गणपतीचा फोटो त्याने रुमालात गुंडाळला. जेवणाचा डबा, छत्री, सोनालीने दिलेला कप, सगळं बॅगेत. गळ्यातलं आयकार्ड काढलं, त्याची दोरी नीट गुंडाळली आणि कीबोर्डवर ठेवलं. मी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात फोन वाजला. त्याने स्पीकरवर घेतला.

"नितीन? मी कपूरबावडीला अडकलो आहे, काय हे ट्रॅफिक! जॉब सोडलास का?"

"हो सर. दोन्ही सोडले."

"दोन्ही? एकदम? शाब्बास! बघ, मनात आणलं की जमतं की नाही?"